भुंग्याला विष कुणी घातलं

शिरूरच्या पेठेत, तेलाच्या घाण्यासमोर, माझं गुरांच्या औषधांचं दुकान होतं. मी डॉक्टर नव्हे. लढाईच्या काळात पलटणीत खेचरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुणं, नळकांड्यानं औषध पाजणं, डॉक्टर सुई टोचेपर्यंत जनावर धरून ठेवणं, एवढंच माझं काम. पण पलटणीतून सुटून गावी आलो तेव्हा अंगात खाकी कोट होता आणि तोंडात चार इंग्रजी औषधांची नावं होती. लोक आपोआप डॉक्टर म्हणायला लागले. सुरुवातीला मी म्हणायचो, "अहो, मी नुसता ड्रेसर." नंतर ते म्हणायचं सोडून दिलं. माझं नाव मीरासाहेब, पण घोडनदीच्या दोन्ही अंगांना मला डॉक्टर म्हणूनच ओळखायचे, आणि मला ते आवडायचं.

एकसष्ट सालच्या माघात आनंदरावांचा माणूस सायकलवर मला बोलवायला आला. आनंदराव म्हणजे इनामगावच्या अंगाचे मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. त्यांचा भुंग्या नावाचा कुत्रा आजारी होता. मी पिशवी घेतली आणि सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसून गेलो.

भुंग्या काळाभोर, वासरासारखा थोराड कुत्रा. मी पोचलो तेव्हा तो गोठ्यापुढं आडवा पडला होता. जीभ बाहेर, श्वास भात्यासारखा चाललेला, चारी पाय ताठ होऊन थरथरत होते. छातीला हात लावला तर काळीज मोजता येईना, इतकं पळत होतं. बाजूला दोन-तीन ठिकाणी तो ओकला होता. ओकारी काळपट, चिकट. मी वाकून वास घेतला.

तो वास मला अजून आठवतो. गोडसर, जरा करपल्यासारखा. उंदराचं औषध खाल्लेलं जनावर मी पाहिलेलं होतं. त्याच्या तोंडाला लसणासारखा घाणेरडा वास येतो, आणि ते बहुतेक घटका-दोन घटकांत आटोपतं. मी आनंदरावांना विचारलं, "कधीपासून असं करतंय?"

"काल रातीपासनं येरझाऱ्या घालतंय. सारखं मुततंय, सारखं पाणी पितंय. सकाळपासनं हे असं."

म्हणजे एक रात्र आणि अर्धा दिवस. उंदराच्या औषधाचं हे लक्षण नव्हे, हे मला तिथंच कळलं होतं. पुढचं सगळं सांगण्याआधी हे सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला फसवत होतो की मला कळलं नव्हतं.

एवढ्यात आनंदरावांच्या बायको, विठाबाई, पदर सावरत पुढं आल्या. "डाक्टर, काल मी त्याला ती काळी वडी घातली व्हती. भावजींचा लेक जर्मनीवरनं घेऊन आला ना, ती. आमच्या कुणाच्या तोंडात जाईना, कडू जहर. टाकून कशी द्यायची म्हणून दुधात कुस्करून भाकरीबरूबर घातली. समदी खाल्ली त्यानं, चाटून पुसून."

"केवढी होती?"

त्यांनी हातानं दाखवलं. अर्ध्या विटेएवढी. "चाकलेट म्हणत्यात त्याला."

मी हसलो. खरंच हसलो. "वहिनी, चॉकलेट साहेबांची पोरं खातात. पलटणीत आमच्या गोऱ्या कप्तानाच्या खिशात असायचं. खाऊ खाऊन कधी कुत्रं मरतं का?"

आजूबाजूचे गडी हसले. विठाबाई मागं सरकल्या.

मी भुंग्याला ताक पाजायचा प्रयत्न केला, तोंडावर पाणी मारलं, पोट चोळलं. त्याला झटके यायला लागले. मान मागं वळायची आणि पाय जमिनीवर घासत राहायचे. ऊन कलायच्या आत एक मोठा झटका आला, त्यातून तो उठला नाही. आनंदराव, सहा फुटी माणूस, त्याच्या डोक्याशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "डाक्टर, काय झालं ह्याला?"

दहा-बारा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, मला माहीत नाही. पण त्या माणसांपुढं ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी पिशवी बंद करत म्हणालो, "विष घातलंय कुणीतरी."

"कसलं?"

"उंदराचं असणार."

आनंदराव उठले. "हल्ली कुणी नेलं व्हतं का तुमच्याकडनं?"

मी आठवल्यासारखं केलं. खरं तर आठवायची गरज नव्हती. "पंधरा दिवसांपूर्वी दगडाबाई एक पुडी घेऊन गेली होती. घुशीनं घर पोखरलंय म्हणाली."

त्यापुढं कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. दगडाबाई ही एकटी विधवा बाई, आनंदरावांच्या बांधाला लागून तिचं खोपट. महिनाभरापूर्वी भुंग्यानं तिच्या सात कोंबड्या फाडल्या होत्या, त्यात अंड्यांवर बसलेली एक होती. तेव्हा तिनं बांधावर उभं राहून साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "एक दिस ह्या कुत्र्याला औशीद घालीन, तवाच माझ्या जीवाला बरं वाटंल!" ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. राहिलेलं काम माझ्या एका वाक्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी तिला देवळाच्या पारावर बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीला. ती आली ती पुडी हातात घेऊन. अर्धी उरली होती.

"हे बघा. निम्मी घुशीच्या बिळात घातली. दोन घुशी मेल्या, त्या मी वढ्याला टाकल्या. त्या कुत्र्याला मी हात लावला न्हाई."

"आन् निम्मी पुडी बिळातच गेली हे आमी कसं मानायचं?" कुणीतरी म्हणालं.

ती माझ्याकडं वळली. "डाक्टर, तुमी तर जाणता मानूस. तुमीच सांगा की. माझ्या पुडीनं मेलं का ते?"

मी म्हणालो, "लक्षणं तरी तीच आहेत."

मारहाण झाली नाही, दंड झाला नाही. आनंदराव तसे माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "कुत्रं गेलं, आता काय करायचंय. पर हिच्यापासनं संबाळून ऱ्हावा." एवढंच. पण त्या एवढ्यानंच तिचं पोट बंद झालं. आसपासच्या पाच-सहा गावांत लग्नकार्य निघालं की भाकऱ्या थापायला दगडाबाईला बोलावणं यायचं. शंभर माणसांच्या भाकऱ्या ती एकटी उरकायची. आता जिनं कुत्र्याला विष घातलं, तिच्या हातात पीठ कोण देणार? त्या साली लग्नसराईत तिला एकही बोलावणं आलं नाही. वैशाखात तिनं खोपटाला कडी घातली आणि लेकीकडं, झुंबरबाईकडं, दौंडला निघून गेली. मला हे कळलं तेव्हा मी गिऱ्हाईकाला मलम बांधून देत होतो. मी बांधत राहिलो.

माझी बायको हमीदा तेव्हा एकदाच म्हणाली, "त्या बाईनं खरंच घातलं का हो?"

"मी सांगितलं ना."

"तुम्ही सांगितलं म्हणून तर विचारते," ती म्हणाली आणि आत गेली.

हमीदाचा भाऊ अमजद दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होता. त्या डिसेंबरात आम्ही त्याच्याकडं चार दिवस राहायला गेलो. नाताळ होता. अमजदच्या शेजारी पिंटो नावाचे इंजिन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या बाईनं आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं, बशीत केक आणि चॉकलेटच्या वड्या ठेवल्या. त्यांचं एक छोटं पांढरं कुत्रं माझ्या पायाशी येऊन बसलं आणि तोंडाकडं बघायला लागलं. मी वडीचा तुकडा मोडून त्याच्यापुढं धरला.

पिंटोबाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी माझ्या हातावर चापटच मारली. तुकडा खाली पडला, तो त्यांनी पायाखाली दाबला.

"मत दो, मत दो! सॉरी हां अंकल. पण कुत्र्याला चॉकलेट म्हणजे जहर."

"जहर?" मी म्हणालो.

"आमचा आधीचा कुत्रा तसाच गेला. केकसाठी आणलेला कोकोचा डबा पाडला आणि सगळा खाल्ला. आपण माणसं खातो, आपल्याला काही होत नाही. त्यांच्या अंगात ते जिरत नाही, रक्तात साचून राहतं. पुण्याच्या जनावरांच्या डॉक्टरनी सांगितलं. जितकं काळं, जितकं कडू, तितकं वाईट."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. "त्याला काय काय झालं होतं?"

"आधी रात्रभर फिरत राहिला. पाणी, पाणी, आणि सारखी सू. मग उलट्या. मग थरथर. हार्ट असं," त्यांनी छातीवर बोटं भराभर आपटून दाखवली. "दुसऱ्या दिवशी फिट्स. लवकर नेला असता तर ओकवून वाचला असता, डॉक्टर म्हणाले. आम्हाला माहीतच नव्हतं ना."

अमजद कौतुकानं म्हणाला, "आमचे भाईजान जनावरांचे डॉक्टर आहेत."

"मग तुम्हाला माहीतच असेल," पिंटोबाई म्हणाल्या.

माझे कान तापले. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही ठाऊक नाही. हमीदा समोर बसली होती. विठाबाईंची काळी वडी मी तिला त्या वेळी हसत हसत सांगितली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग बघायचं थांबवलं. घरी जाताना रस्त्यात ती माझ्या चार पावलं पुढं चालत होती. मलाच राहवेना. म्हणालो, "मला काय स्वप्न पडलं होतं?"

"त्या वहिनींनी सांगितलं होतं की तुम्हाला."

शिरूरला परतल्यावर आठवडाभरानं मी आनंदरावांकडं गेलो. ओसरीवर दोघंच होतो. सगळं सांगितलं. वासाचंही सांगितलं, वेळेचंही. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. आतल्या दाराकडं बघून ते हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी माझ्याच घरातनं मेलं ते. हिच्याच हातनं."

"वहिनींना काय माहीत? त्यांनी सांगितलं तेव्हा मी ऐकायला हवं होतं."

"मीरासाहेब, आता हे कुठं बोलू नका. हिला ठाव झालं तर ती अन्न गोड लागू देणार न्हाई सोताला. भुंग्यासाठी आठ दिस रडली ती. आन् तुमचंही बघा. लोक म्हणतील, डाक्टरला काई कळत न्हाई. दगडाबाई गेली, तिकडं लेकीकडं सुखात असंल."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "तुम्ही म्हणता तसं." घरी येऊन हमीदाला सांगितलं, आनंदराव नको म्हणाले. ती भांडी घासत होती. म्हणाली, "परवानगी मागायला गेला होतात?"

असे तीन महिने गेले. दुकानात कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की मी पाठ फिरवून कपाटातल्या बाटल्या लावत बसायचो. एका माणसाची म्हैस तपासताना वास घ्यायला वाकलो आणि तसाच सरळ झालो, मला तो करपल्याचा गोड वासच आला. शेवटी चैत्रात मी एकटाच एस.टी.नं दौंडला गेलो.

अमजदनं झुंबरबाईचं घर शोधून दाखवलं, पण घरी कुणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, शेडच्या मागं बघा. तिथं इंजिनांची राख टाकायचे. तीस-चाळीस बायका त्या गरम राखेत बसून अर्धवट जळका कोळसा वेचत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या सारख्याच काळ्या. दगडाबाईला मी ओळखलं नाही, तिनंच मला ओळखलं. ती उठून राखेतून बाहेर आली. तिच्या बोटांवर चिरगुटं गुंडाळलेली होती.

"डाक्टर? हितं कसं?"

मी सगळं घोकून आलो होतो. पण त्या चिरगुटांकडं बघून माझं वाक्य मोडलं. "दगडाबाई, तुम्ही विष घातलं नव्हतं."

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली.

मग मी राहिलेलं सांगितलं. काळी वडी, पिंटोबाई, सगळं. ती ऐकत राहिली. मधेच शेडमधून इंजिनानं शिट्टी दिली, तेव्हा थांबावं लागलं. शिट्टी थांबल्यावर तिनं एकच विचारलं, "तुमाला कवा कळलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. "नाताळात. पण ते विष तुमच्या पुडीचं नाही, हे त्याच दिवशी कळलं होतं. वास वेगळा होता."

तिनं बोटावरचं सुटलेलं चिरगूट घट्ट बांधलं. मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. मी त्याची वाटच बघत होतो, त्यानं मला बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "पारावर मी तुमालाच इचारलं हुतं. समद्यांत तुमालाच. मला वाटलं, ह्यो शिकलेला मानूस हाय, ह्यो खरं बोलंल."

"मला माफ करा."

"हितं राखेत यून माफी मागताय व्हय? हितं कोण वळखतंय मला? माझं नाव तिथं घालवलं, त्या पारावर. मागायचंच आसंल तर तिथं जाऊन बोला." आणि ती पुन्हा राखेत जाऊन बसली.

त्याच आठवड्यात इनामगावला गेलो. सोसायटीची बैठक पारावर होती, बरीच माणसं जमली होती. आनंदरावांनी मला येताना बघितलं आणि मी कशासाठी आलोय ते त्यांना कळलं. ते उठून आडवे आले. "डाक्टर, चहा घ्यायला घरी चला आधी."

"नंतर घेऊ," मी म्हणालो आणि पाराच्या कडेला उभा राहिलो. माझा आवाज माझ्याच कानाला चिरका लागत होता. "भुंग्याला कुणी विष घातलं नव्हतं. त्यानं चॉकलेट खाल्लं होतं, ते कुत्र्याला विषासारखं बाधतं. मला ते माहीत नव्हतं. पण उंदराचं औषध नाही, हे मला कळत होतं. तरी मी दगडाबाईचं नाव घेतलं, कारण मला माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. आणि मी डॉक्टर नाही. पलटणीत जखमा धुणारा ड्रेसर होतो."

कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "मग वरीसभर काय झोपला हुतास?" दुसरा म्हणाला, "माझा बैल तुझ्याच औषधानं गेला आसंल मग." तेही असेल. मी मान खाली घालून उभा राहिलो. कुणीच मला जा म्हणेना, आणि मला स्वतःहून पाय उचलवेना.

विठाबाई देवळात आल्या होत्या. त्या पायरीवरून खाली उतरल्या, पुरुषांच्या बैठकीत, जिथं त्या कधी येत नसत. थेट नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या.

"तुमाला ठाव हुतं?"

आनंदराव टोपी काढून झटकायला लागले.

"मी त्या दिशीच म्हनले हुते, वडीनं झालंय. हे डाक्टर हसले. तुमी समदे हसलात. मलाबी वाटलं, बाईमानसाला काय कळतंय. आन् मी गप बसले. ती पारावर उभी हुती तवा मी घरात गप बसले हुते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी जाते दौंडला. कुणी येनार आसंल तर या."

आनंदराव बैलगाडी जुंपायला गेले. एस.टी.चा फाटा तीन मैल होता. मला कुणी चल म्हणालं नाही, मीही गेलो नाही. पुढचं मला नंतर ऐकून कळलं. विठाबाई झुंबरबाईच्या घरात दिवसभर बसल्या. दगडाबाई कोळसा विकून परत आली, चुलीवर भाकरी टाकली आणि विठाबाईंपुढं सरकवली. म्हणाली, "खाशील का माझ्या हातची?" विठाबाईंनी खाल्ली. आनंदराव दारात उभे होते, त्यांनीही मागून घेतली. पण परत चल म्हटल्यावर दगडाबाई म्हणाली, न्हाई. आता इथंच बरं हाय. त्या गावात मला पुन्यांदा पीठ मळवंना.

त्यानंतर माझं दुकान पूर्वीसारखं चाललं नाही. मलम, जंतुनाशक, दोरखंड असल्या वस्तूंना गिऱ्हाईक यायचं, तपासायला मात्र क्वचित कुणी बोलवायचं. कुणी बोलावलंच तर मी तालुक्याच्या डॉक्टरांकडं न्यायला सांगायचो. हमीदानं ह्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. एकदा फक्त गिऱ्हाईकानं डॉक्टर अशी हाक मारली तेव्हा ती आतून म्हणाली, "मीरासाहेब आहेत, डॉक्टर नाहीत," आणि मला ते ऐकून बरं वाटलं.

दोन वर्षांनी पावसाळ्याच्या आधी मी शिरूरच्या एस.टी. स्टँडवर उभा होतो. दगडाबाई खोपटाचे पत्रे विकून दौंडला परत निघाली होती. बाकावर माझ्या शेजारी जागा होती, ती येऊन बसली. मी उठून जायच्या बेतात होतो.

तेवढ्यात ती म्हणाली, "झुंबरच्या शेळीच्या कासंला सूज आली. दूध काढू देत न्हाई. काय लावू?"

मी म्हणालो, "मला नक्की सांगता येणार नाही. गरम पाण्यानं शेकत राहा, दूध आत राहू देऊ नका. आणि उद्याच दवाखान्यात न्या."

तिनं मान डोलवली. दौंडची गाडी लागली. ती गाठोडं घेऊन चढली, खिडकीशी बसली, आणि गाडी सुटेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही. एवढं सगळं होऊनही तिनं मला विचारलं, ह्याची मला पारावर वाटली होती त्याहून जास्त लाज वाटली. गाडी गेल्यावरही मी बराच वेळ त्या बाकावर बसून होतो.